एक काना, एक अनुस्वार आणि जुना स्कॅनर



ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, आपण जिनवाणीची पूजा करतो. धरसेन आचार्यांनी गिरनारच्या चंद्रगुफेत पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना आपल्याजवळचं ज्ञान दिलं, त्यांनी षट्खंडागम लिहून पूर्ण केला, त्याचा हा दिवस. अर्घ्य, आरती सगळं आपल्याला पाठ आहे. पण या दिवसाचं दुसरं अर्धं काम हळूहळू मागं पडलंय. पोथ्या बाहेर काढायच्या, पान न् पान बघायचं, धूळ झटकायची, सावलीत वारा द्यायचा, वेष्टन बदलून परत बांधून ठेवायचं, असं ते काम. माझ्या मते पूजेपेक्षा हेच काम मोठं. पूजा नाही झाली तर पोथी राहते. हे काम नाही झालं तर पोथीच राहत नाही.

आज मला लिहायचंय ते एका जुन्या स्कॅनरच्या दुरुस्तीबद्दल. पण त्याआधी मिरजेच्या एका बाईंची गोष्ट सांगायला हवी. ती आपल्यातल्या फार थोड्या जणींना ठाऊक आहे.

षट्खंडागमावरची मोठी टीका म्हणजे धवला. वीरसेन आचार्यांनी ती इसवी सन ८१६ मध्ये पूर्ण केली. बहात्तर हजार श्लोकप्रमाण ग्रंथ! त्याच्या ताडपत्रावरच्या जुन्या कन्नड लिपीतल्या प्रती राहिल्या एकट्या मूडबिद्रीत. तिथं शेकडो वर्षं लोक जायचे, दुरून दर्शन घ्यायचे, नमस्कार करायचे आणि परत यायचे. वाचणारं कुणी नाही. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांना हे खुपलं. पुष्कळ खटपटीनंतर १८९६ मध्ये नक्कल करायला सुरुवात झाली. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि आपल्या मिरजेचे गजपती उपाध्याय यांच्याकडे ते काम आलं. पुढं आणखीही माणसं लागली आणि सगळ्या ग्रंथांच्या नकला पुऱ्या व्हायला १९२२ साल उजाडलं. सव्वीस वर्षं! आपण यंत्राला एक पान काढायला मिनिट लागलं तरी कुरकुरतो.

अट अशी होती की नक्कल मूडबिद्रीच्या बाहेर जायची नाही. पण गजपती उपाध्यायांनी कुणाला न सांगता आणखी एक कन्नड नक्कल स्वतःजवळ करून ठेवली. या कामात मोठा हात होता त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा. त्या स्वतः शिकलेल्या होत्या आणि हे ग्रंथ लोकांनी वाचावेत अशी त्यांची तळमळ होती. धवलेच्या छापील पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत हे लिहून ठेवलंय. सोलापूरला ती नक्कल दाखवली तेव्हा, दिलेला शब्द मोडून आणलेली वस्तू आम्ही ठेवणार नाही, अशी भूमिका तिथल्या शेठजींनी घेतली. शेवटी ती गेली उत्तरेत सहारनपूरला, लाला जंबूप्रसाद यांच्याकडे. तिथं कन्नडवरून देवनागरी करायला दोघं बसले. पंडित विजयचंद्रय्या वाचायचे आणि पंडित सीताराम शास्त्री लिहायचे. सीताराम शास्त्रींनीही गुपचूप एक प्रत आपल्याजवळ ठेवली आणि तिच्यावरून मग अमरावती, आरा, कारंजा अशा ठिकाणी प्रती पोचल्या. अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी याच प्रतींवरून १९३९ मध्ये धवलेचा पहिला भाग छापला. आपल्या सदलग्याचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले डॉ. आ. ने. उपाध्ये यांचीही या संपादनात साथ होती.

आता यात चोरी झाली का? अचौर्य अणुव्रताच्या काट्यावर ठेवलं तर शब्द मोडला हे खरंच. सोलापूरच्या शेठजींचा नकारही मला योग्य वाटतो. आणि तरीही लक्ष्मीबाईंना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. दागिना चोरला की ज्याचा त्याच्याकडं उरत नाही. इथं मूडबिद्रीचं ताडपत्र मूडबिद्रीतच राहिलं. तुम्हाला काय वाटतं ते जरूर सांगा, आमच्या स्वाध्याय मंडळात यावरून दोन तट पडले होते.

पण नकलेवरून नक्कल झाली की काय होतं, तेही याच ग्रंथात दिसलं. पहिल्या भागातलं त्र्याण्णवावं सूत्र मनुष्यिणींबद्दल, म्हणजे स्त्रियांबद्दल आहे. कोणत्या गुणस्थानांत त्या नियमाने पर्याप्त असतात, ते त्यात सांगितलंय. हाती आलेल्या प्रतींत तिथं ‘संजद’ हा शब्दच नव्हता. टीकेचा ओघ बघून संपादकांना वाटलं की तो असायला हवा आणि त्यांनी तशी टीप दिली. त्यावरून विद्वानांत मोठा वाद झाला. पुढं मूडबिद्रीकरांनीच ताडपत्राशी पडताळणी करू दिली, तेव्हा ताडपत्रात तो शब्द सापडला. सूत्राचा अर्थ भाववेदाच्या अंगाने कसा लावायचा ही चर्चा वेगळी, ती मी पंडितांवर सोडते. मला विचार करायला लावलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्या सूत्रात ‘संजदासंजद’ या शब्दाला लागूनच ‘संजद’ येतो. सारखी अक्षरं पाठोपाठ आली की लिहिणाऱ्याचा डोळा घसरतो. आपणही शिलाईचे टाके मोजताना असंच एक घर सोडून पुढं जातो. स्त्रियांबद्दलच्या सूत्रातला एक शब्द असा गळला आणि तो परत मिळाला, कारण मूळ पान शाबूत होतं.

मूळ पान शाबूत नसलं तर? आचार्य शांतिसागर महाराजांना कळलं की महाबंधाच्या ताडपत्रांचा काही भाग किड्यांनी खाल्लाय आणि तो आता कुठेच मिळायचा नाही. तेव्हा त्यांच्या प्रेरणेनं हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेतले. ते ताम्रपट फलटणला आहेत. तांब्याला कसर लागत नाही.

आपल्या घरच्या वह्यांना मात्र लागते. माझ्या आजेसासूबाईंच्या, सगळे त्यांना अक्का म्हणत, पाच वह्या आमच्याकडं चंदगडात आहेत. व्रतकथा, आरत्या, पाळणे, मध्येच लोणच्याचं प्रमाण, कुणाला किती शेर भात दिला त्याचा हिशेब. टाकानं लिहिलेल्या, शिवण सुटलेल्या. चंदगडचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, इथं जून लागला की कपाटातल्या साड्यांनाही बुरा येतो आणि मीठ भांड्यात पाणी सोडतं. ताम्रपर्णी नदी दोन्ही काठ सोडून वाहते ते दिवस. दर पावसाळ्यात त्या शाईचा रंग थोडा थोडा उतरत चाललाय. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘‘यंदाच काय ते कर. पुढच्या वर्षी वाचता येईल याची खात्री नाही.’’

मोबाइलवर फोटो का नाही काढले, असं विचारणाऱ्या बऱ्याच जणी भेटल्या. काढून पाहिले. हाताची सावली पडते, पान कडेला वाकडं दिसतं, आणि फिकी शाई तर अजून फिकी होते. नवीन स्वस्त स्कॅनरही एकीकडून मागून आणून पाहिला. त्यात सीआयएस नावाची पट्टी असते. ती पातळ आणि विजेला काटकसरी, पण तिची नजर अगदी काचेला चिकटलेल्या कागदापुरतीच. अक्कांचं पान सुरकुतलेलं. जिथं कागद दोन-तीन मिलिमीटर वर उचललेला, तिथलं अक्षर धूसर. आमच्या माळ्यावरचा जुना जाडजूड स्कॅनर सीसीडीचा. त्यात दिव्याचा उजेड कागदावरून आरशांवर आणि आरशांवरून भिंगात जातो, त्यामुळं त्याची नजर जरा खोल पोचते. सुरकुतीतलंही वाचतो. म्हणून त्यालाच पुन्हा उभं करायचं ठरवलं. बेळगावातल्या एका दुकानात नेला होता. भंगारात द्या म्हणाले.

या यंत्राचाही इतिहास आहे आणि तो एका बाळापासून सुरू होतो. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल किर्श नावाच्या गृहस्थांनी संगणकाला चित्र दाखवायचं यंत्र बनवलं आणि पहिला फोटो लावला तो स्वतःच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके, बस. आज आपण ए-फोर पान ३०० डीपीआयवर घेतो तेव्हा त्याच्या सुमारे २८० पट ठिपके होतात. १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधला, त्याला पुढं २००९ चं नोबेल मिळालं. आणि सपाट काचेवर पान पालथं ठेवून वाचणारं यंत्र रे कर्झवाइल यांनी १९७६ मध्ये लोकांपुढं आणलं ते अंधांसाठी. पान काचेवर ठेवलं की ते यंत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं. म्हणजे विजयचंद्रय्यांचंच काम की!

आता आमच्या यंत्राच्या तक्रारी. सुरू केलं की आतून घरघर घरघर, पण गाडी हलेना. हललीच तर पानावर उभी पांढरी रेघ. काचेवर आतून धुकं. आणि नव्या लॅपटॉपला त्याची ओळखच पटेना.

घरघरीचं पहिलं कारण अगदी साधं असू शकतं. या जुन्या स्कॅनरांच्या बुडाशी किंवा कडेला कुलपाचं चिन्ह असलेला खटका असतो. प्रवासात आतली गाडी हिंदकळू नये म्हणून तो लावतात. यंत्र माळ्यावर टाकताना कुणीतरी तो लावलेला असतो आणि सगळे विसरलेले असतात. आमचा खटका उघडाच होता, म्हणून उघडणं आलं.

उघडण्याआधी मी एक चाचणी केली आणि ती तुम्हीही करा, निम्मं कोडं तिथंच सुटतं. एक पान काढायचं, मग तेच पान उलटं फिरवून, डोकं खाली करून पुन्हा काढायचं. डाग पानाबरोबर फिरला तर तो पानाचा. जागेवरच राहिला तर यंत्राचा. नुसता ठिपका असेल तर काचेवर कण आहे. वरपासून खालपर्यंत सरळ रेघ असेल तर काच पुसून उपयोग नाही, दोष आत आहे.

हे एवढं महत्त्वाचं का, ते मराठी लिहिणाऱ्यालाच कळेल. इंग्रजीत एक ठिपका पडला तर पडला. आपल्याकडं अक्षराच्या डोक्यावर कण पडला की तो अनुस्वार. अक्कांनी लिहिलेले ‘आठ मद’ पडद्यावर ‘आठ मंद’ झाले आणि आम्ही दोघी जावा पोट धरून हसलो. पांढरी रेघ तर त्याहून वाईट, ती बरोबर काना खाते. ‘ताप’ लिहिलेलं ‘तप’ होतं. हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. पन्नास वर्षांनी मूळ वही नसेल आणि कुणी नात हे वाचेल तेव्हा?

उघडायचं काम दिवसा उजेडी केलं. रात्री दिव्यावर किडे येतात आणि ते काचेखाली अडकले की विनाकारण जीव जातो. वायर काढून यंत्र अर्धा तास तसंच ठेवलं, कारण आतल्या दिव्याला मोठ्या दाबाची वीज लागते. झाकण बिजागरीतून सरळ वर उचललं की निघतं. काच सुटी काढायची नाही, ती चौकटीला चिकटवलेली असते. चौकटीचे स्क्रू काढून काचेसकट वर उचलायची. आमच्या चारपैकी दोन स्क्रू दिसत होते, दोन रबरी बुटांखाली लपलेले. स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं पापडाच्या ताटलीत मांडले.

आत जे दिसलं त्यानं थांबायला लागलं. कोपऱ्यात कसरीची दोन-तीन पिल्लं, पांढुरकी, चपळ. फुंकर मारली असती किंवा फवारा मारला असता तर पाच सेकंदांत काम झालं असतं. आम्ही उघडं यंत्र ओसरीवर सावलीत ठेवलं, मऊ कुंच्यानं हळूच त्यांना कागदावर घेतलं आणि परसात सोडलं. तासभर गेला. यत्नाचार म्हणतो आपण त्याला, पण यंत्राच्या दृष्टीनंही तेच बरोबर. चिरडलेला किडा आरशावर जो डाग सोडतो तो निघत नाही.

गाडी ज्या गुळगुळीत लोखंडी दांड्यावरून सरकते, त्यावरचं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं. घरघर त्याचीच. मोटर जोर लावत होती आणि दातेरी पट्टा दात सोडत होता. सुती फडक्यानं दांडा पुसला, आणि पांढरं ग्रीस मोहरीएवढं बोटावर घेऊन दांड्यावर फिरवलं. शिलाई मशीनचं तेल घरात असतंच, पण ते इथं वापरू नका. ते पातळ, पसरत पसरत आरशापर्यंत जातं. गाडी हातानं सरकवायची झाल्यास पट्टा धरून सावकाश, आणि तिला जोडलेली चपटी वायर ताणायची नाही.

आता ती पांढरी रेघ. चौकटीच्या खालच्या अंगाला, पान जिथून सुरू होतं त्या कडेला, एक पांढरी शुभ्र पट्टी असते. वरून ती दिसतच नाही. काम सुरू करण्याआधी स्कॅनर आपली नजर त्या पट्टीवर टेकवतो आणि ‘हे पांढरं’ असं ठरवून घेतो, प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळं. पट्टीवर एका जागी धूळ बसली की त्या ठिपक्याला वाटतं, आपल्याला कमी दिसतंय. मग तो पानभर तिथं जास्त उजळ करत सुटतो. तीच रेघ! पट्टीवर धुळीचा एकच कण होता, रव्याच्या कणाहून बारीक. कोरड्या कुंच्यानं निघाला. एवढ्याशा कणानं मागं काढलेल्या पानांतले किती काने गिळले असतील!

काचेच्या आतल्या बाजूचं धुकं म्हणजे थोडी दमट हवा आणि थोडी आतल्या प्लॅस्टिकनं वर्षानुवर्षं सोडलेली वाफ. मऊ फडकं शुद्ध पाण्यात जेमतेम ओलं करून पुसलं, मग कोरड्यानं. काचेवर थेट फवारायचं नाही, कडेनं ओघळून आत जातं. आरशांना मी हात लावला नाही, फक्त रबरी फुग्यानं हवा दिली. त्यांच्यावरचा लेप नाजूक असतो. दिव्यालाही नाही. या जुन्या दिव्यांत किंचित पारा असतो, फुटला तर घरभर त्रास. सुरुवातीला तो पिवळट जळतो. दहा मिनिटं तापू द्यायचा, मग रंग स्थिर होतो.

लॅपटॉपचं भांडण मुलानं मिटवलं. जुन्या यंत्राबरोबर आलेली सीडी नव्या विंडोजवर चालत नाही, कंपन्या अशा यंत्रांसाठी नवं काही काढत नाहीत. व्ह्यूस्कॅन नावाचा एक प्रोग्राम शेकडो जुने स्कॅनर ओळखतो, तो विकत मिळतो. लिनक्सवर फुकट सोय आहे. आमचं लिनक्सवर भागलं.

एक सूचना, कळकळीची. घरात ताडपत्र असेल किंवा घट्ट शिवलेली जुनी पोथी असेल तर ती काचेवर पालथी घालू नका. ताडपत्र दाबलं की तडकतं आणि पोथीची शिवण उलते. तिच्यासाठी वरून फोटो घेणारी माणसं असतात. आपल्या काचेवर फक्त सुटी पानं, तीही झाकण न दाबता. आमच्या वह्यांची शिवण आधीच सुटलेली होती म्हणून हे जमलं. पान रंगीतच काढायचं. काळं-पांढरं केलं की फिकी शाई यंत्राच्या हिशेबी नसतेच. वाचायला ३०० डीपीआय पुरतं, शाई फारच उतरली असेल तर ६००. वह्या परत ठेवताना नव्या सुती वेष्टनात वेखंडाची पुरचुंडी घातली. डांबरगोळ्या नाहीत.

पडताळणी आम्ही सहारनपूरच्या पद्धतीनं करतो. जाऊबाई वहीतून मोठ्यानं वाचतात, काना-मात्रेसकट, मी पडद्यावर बोट ठेवून ऐकते. रोज दुपारी आवराआवर झाल्यावर तासभर. तीन वह्या झाल्या. दुसऱ्या वहीतल्या रविव्रताच्या कथेत एका ओळीवर दोघींचं एकमत होईना. पान पुन्हा काढलं, ६०० वर, तेव्हा अक्कांनी स्वतःच खोडून वर बारीक दुरुस्ती केलेली दिसली. नुसत्या डोळ्यांना ती कधीच दिसली नव्हती.

तिसऱ्या वहीत नेमिनाथांचा एक पाळणा आहे. अकरा कडवी आहेत, बाराव्याची सुरुवात आणि मग पान फाटलेलं. बोली सदलगा-निपाणीकडची वाटते, अक्कांचं माहेर तिकडचंच. तुमच्या आईच्या, मावशीच्या, आत्याच्या वहीत नेमिनाथांचा असा बारा कडव्यांचा पाळणा असेल तर शेवटचं कडवं मला कळवा. पान आहे तसंच, फाटक्या कडेसकट काढून ठेवलंय.